किल्ली कोणाजवळ?

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान मंगळावर सुखरूप उतरले. त्याने छायाचित्रे धाडली, ‘सोजर्नर’ नावाची चिमुकली गाडी त्याच्यावरून खाली उतरली आणि जगभर कौतुक झाले. परंतु थोड्याच दिवसांत, हवामानाच्या नोंदी घेण्यास प्रारंभ झाल्यावर, यानावरील संगणक हातातील सारी कामे टाकून मधूनमधून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. जमलेली माहिती नाहीशी होत नसे; पण त्या दिवसाची उरलेली कामे उद्यावर जात. यानाचे आयुष्य अवघ्या महिनाभराचे धरलेले! तेथे एकेक दिवस मोलाचा होता.

श्रोतेहो, यंत्राचा कोणताही भाग बिघडलेला नव्हता. बिघाड होता तो कामांच्या पाळीत. यानावर प्रोसेसर एकच, म्हणून एका क्षणी एकच काम चाले. कोणाची पाळी केव्हा, हे ठरविणाऱ्या कार्यक्रमाला शेड्यूलर म्हणतात. तो प्रत्येकाचा अग्रक्रम पाहतो आणि वरच्या क्रमाचे काम येताच खालच्याला उठवितो. याशिवाय काही वस्तू सामाईक असतात. त्यांना कुलूप घालावे लागते, म्हणजे दोघांचे हात एकाच वेळी आत जात नाहीत.

एखाद्या शाळेचे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. बसण्यास मेज एकच, दप्तराच्या कपाटाची किल्लीही एकच. शिपाई किल्ली घेऊन मेजाशी बसला आहे. इतक्यात हेडमास्तरांना कपाट हवे झाले. ते क्षणभर थांबण्यास तयार आहेत. शिपायाचे काम संपले की झाले. पण तेवढ्यात कारकून येतो, शिपायाला उठवितो आणि आपले लांबलचक लेखन सुरू करतो. किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई दाराबाहेर, आणि हेडमास्तर तिष्ठत उभे! कारकुनाला तर कपाटाशी काही कर्तव्यही नाही.

मंगळावर नेमके हेच घडले. माहितीचे वाटप करणारे काम वरच्या क्रमाचे, हवामानाचे काम खालच्या, आणि संदेश पाठविण्याचे काम मधल्या. वाटपाचा फेरा सेकंदाच्या आठव्या भागात पुरा व्हावा, असा नियम होता. तो अपुरा दिसताच देखरेख करणारे काम सगळा संगणक नव्याने सुरू करी.

यावरचा उपाय ठाऊक नव्हता असे नाही. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की या तिघांनी १९९० मध्येच तो सविस्तर मांडला होता. किल्ली परत येईपर्यंत शिपायाला हेडमास्तरांचा मान द्यावा, म्हणजे कारकून त्याला उठवू शकणार नाही. मात्र त्यासाठी कुलूप अडकले आहे एवढेच कळून भागत नाही. ते कोणी घेतले आणि त्याच्यासाठी कोण खोळंबले, याची नोंद शेड्यूलरपाशी हवी. यानावरील ‘व्हीएक्सवर्क्स’ प्रणालीत ही सोय होती. त्या एका कुलपापुरती ती बंद राहिली होती.

दोष सापडला तोही नोंदीमुळेच. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही तो दिसला होता, पण पुन्हा घडवून आणता न आल्याने हाती लागला नव्हता. आता कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत यानाच्या प्रतिरूपावर प्रयोग सुरू झाले. कोणते काम केव्हा बदलले, कोणते कुलूप कोणी घेतले, याची टिपणे ठेवली गेली, आणि बिघाड पुन्हा घडताच ती वाचून कारण उमगले. ही टिपणे ठेवणारी सामग्री चाचणीनंतर काढून न टाकता यानासोबत धाडलेली होती. नीटनेटकेपणाच्या नादात ती गाळली असती, तर प्रयोगशाळेत तपासलेला कार्यक्रम आणि मंगळावर चाललेला कार्यक्रम एकच आहे, हे कोण छातीठोकपणे सांगू शकले असते? बंद सोय चालू करणारा लहानसा बदल पृथ्वीवरून पाठविण्यात आला. यानाकडून माहिती २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत येत राहिली.

पुढे २००६ मध्ये इंगो मोल्नार यांनी लिनक्समध्ये कुलपांची टेहळणी करणारी ‘लॉकडेप’ ही योजना आणली. एकाने आधी पहिले कुलूप, मग दुसरे घेतले, आणि दुसऱ्याने उलट क्रमाने, तर कधीतरी दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतील. प्रत्यक्ष अडकण्यापूर्वीच ती नुसत्या क्रमावरून तसा इशारा देते. एवढी टिपणे ठेवताना संगणक मंदावतो, म्हणून रोजच्या वापरात ती सहसा बंद असते आणि चाचणीच्या वेळी चालू केली जाते.