अंगठ्याची किंमत कोण ठरवणार?

(खामगाव येथे शेतमजूर व जिनिंग कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सोयाबीन निघायचे दिवस आले की आपल्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांत मळणी यंत्राने जखमी झालेल्या बाया दिसू लागतात. कुणाचा पदर पट्ट्यात ओढला जातो, कुणाची बोटं जातात. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" आणि बाईने तोंड उघडायच्या आत सोबत आलेला माणूस सांगून टाकतो, "घरी पडली." हे दोन शब्द दवाखान्याच्या कागदावर चढले की निम्मी भरपाई तिथेच बुडाली. म्हणून आज सगळ्यात आधी हेच सांगते. वेदना कितीही असो, काम कुठलं, कुणाचं आणि कोणत्या यंत्रावर झालं हे डॉक्टरला स्वतः सांगा आणि लिहून घ्यायला लावा.

भरपाई म्हणजे मालकाचा उपकार, असं आपल्या मनात फार खोल बसलंय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक असते. पण कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी, हीसुद्धा त्यात एक मागणी होती. कायदा यायला १९२३ साल उजाडलं. तो जुना कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नाव बदललं, पण हिशोबाची रीत बरीचशी तीच राहिली.

तो हिशोब जरा करून पाहू. बाई ४० वर्षांची, महिन्याची मजुरी ८,००० रुपये. पूर्ण अपंगत्वासाठी मजुरीचे ६० टक्के धरतात, म्हणजे ४,८००. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७. गुणाकार येतो ८ लाख ८४ हजार १६ रुपये. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के नुकसान मानलं आहे. म्हणजे तिचे झाले २ लाख ६५ हजार २०४ रुपये. आता आठवून पाहा, आपल्या गावात अंगठा गेलेल्या बाईच्या हातावर काय ठेवतात? मी पाहिलेल्या एका प्रकरणात दवाखान्याचं बिल आणि वर पाच हजार रुपये ठेवले होते, आणि "माझी काही तक्रार नाही" असा स्टॅम्पपेपर. त्यावर तिच्या धड राहिलेल्या हाताचा अंगठा! हक्क सोडून देणारा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. अंगठा उठवला म्हणून घरी बसू नका.

यात बायकांसाठी एक गंमतीशीर तरतूद आहे. कामावर मृत्यू झाला, किंवा एखाद्या बाईला एकरकमी भरपाई द्यायची असली, तर मालकाने ती परस्पर द्यायची नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची. या अधिकाऱ्याला पूर्वी आयुक्त म्हणत. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. कायदा करणाऱ्यांनी बाईला अज्ञान मुलांच्या रांगेत बसवलं, याचा मला रागच येतो. पण दीर, सासरा, मुकादम यांच्या खिशात पैसे अडकण्यापेक्षा हे बरं, तोवर वापरून घ्यावं.

सिंदखेड राजा तालुक्यातला अपघात तुम्ही विसरला नसाल. २० ऑगस्ट २०२१ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर लोखंडी सळया भरलेल्या टिपरमधून चालले होते. टिपर उलटला आणि १३ जण गेले. कामाच्या गाडीतून कामावर जाणं हा कामाचाच भाग, असं न्यायालयं मानत आली आहेत. नव्या संहितेत तर घरून कामावर जाता-येतानाच्या अपघाताचाही समावेश केला आहे, कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. आणि ठेकेदार पळाला तरी ज्याचं मूळ काम आहे त्याच्याकडे भरपाई मागता येते. सळयांवर माणसं बसवणाऱ्या या पद्धतीबद्दल मात्र कुणी फार बोललं नाही.

शेतीत अडचण वेगळी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, पण ती सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी. भूमिहीन मजूर बाई त्यात कुठेच नाही. तिला भरपाईचाच कायदा. यंत्रावर चालणारी शेतीकामं आणि कीटकनाशक फवारणी दोन्ही त्याच्या यादीत आहेत. यंत्रवाला म्हणतो मजूर शेतमालकाचे, शेतमालक म्हणतो यंत्रवाल्याचे. आपण अर्जात दोघांचीही नावं घालावी.

जिनिंगमधल्या मैत्रिणी विचारतात, आमचं तर बोट गेलं नाही, नुसता दम लागतो, त्याचं काय? कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बिसिनोसिस, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, ही त्याची खूण. पण हंगामी काम, दरवर्षी वेगळी जिनिंग, हजेरीपत्रकात नाव नाही, त्यामुळे सिद्ध करणं अवघड जातं. खोटी आशा मी दाखवणार नाही. निदान कुठल्या साली कुठे काम केलं, सोबत कोण होतं, हे वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा.

वीटभट्टी आणि ऊसतोडीच्या जोड्यांचं तेच. मजुरी जोडीची, उचल नवऱ्याच्या नावावर. बाई जखमी झाली की तिची मजुरी किती, याला उत्तर नसतं. अशा वेळी किमान वेतनाचा दर पुढे ठेवून मांडणी करावी लागते, आणि सोबतच्या बायांची साक्ष लागते. साक्षीला बाया घाबरतात, कारण पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचं असतं. एकीने दिली तर तिचं काम जातं. दहा जणींनी दिली तर त्याला दहा जणी दुसरीकडून आणाव्या लागतील.

मागणी दोन वर्षांच्या आत करायची असते. अर्ज कुठे द्यायचा, हे बुलडाण्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारता येईल. ज्यांच्याकडे दवाखान्याचे कागद आहेत, त्यांनी जेवण झाल्यावर ते घेऊन खिडकीजवळ बसा. स्टॅम्पपेपरची प्रत असेल तर तीही आणा.