कोऱ्या व्हाउचरवरचा अंगठा

(नंदुरबार जिल्ह्यातील स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि हिशेबनीस यांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



संमेलनाचा अध्यक्ष म्हणजे साहित्यिक, नाहीतर कलेक्टर, अगदीच कोणी मिळालं नाही तर निवृत्त प्राचार्य, ही आपल्याकडची रीत. तुम्ही या खुर्चीत हिशेबनीस आणून बसवलात. काल घरात विचारणा झाली, "तिथं बोलणार काय? जमा आणि खर्च?" मी म्हटलं, दुसरं मला येतं काय!

तेव्हा जमा-खर्चाचंच बोलतो. पण सुरुवात माझ्या एका लबाडीपासून करतो.

मी ऐन पंचविशीत होतो. धडगावच्या पुढे एका पाड्यावर संस्थेचं दगडी बांधाचं काम चाललं होतं. आठवड्याची मजुरी वाटायला मी गेलो. हजेरीपत्रक नीट, पैसे नीट, कोणाचा रुपया बुडवला नाही. पण वाटप झाल्यावर प्रत्येकाकडून दोन-दोन कोऱ्या व्हाउचरवर जास्तीचे अंगठे घेऊन ठेवत होतो. जीपचं भाडं, चहापाणी, कुठे काही राहिलं तर ऑडिटच्या वेळी लिहायला बरं. मला हे माझ्या वरिष्ठांनी शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या. एक म्हातारी समोर आली. पहिला अंगठा दिला. दुसरा कागद पुढे केला तसा तिनं हात मागे घेतला आणि पावरी बोलीत विचारलं, "याच्यावर काय लिहिणार?" मी म्हटलं, "काही नाही, आजी." ती म्हणाली, "काही नाही तर अंगठा कशाला?" आणि शाईचा अंगठा लुगड्याला पुसून निघून गेली. नंतर कळलं, तिच्या सासऱ्याची जमीन अशाच एका कागदावर गेली होती.

तिचं ते निळा अंगठा पुसणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आपल्या जिल्ह्यात वहीला फार वाईट इतिहास आहे, तो बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांना माहीत नसतो. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर सालदाराचा हिशेब मालकाच्या चोपडीत असायचा. उचल किती, खाडे किती, फिटलं किती, हे मालक वाचून दाखवणार आणि सालदारानं मान हलवायची. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती यांनी माणसं जागी केली, १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा जमिनीचा आणि मजुरीचा लढा होता तसा तो चोपडीशीही होता. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आला, तो का आणावा लागला? जमिनी कागदावरच गेल्या होत्या म्हणून. आणि त्याच माणसांच्या दारात आपण त्यांचं भलं करायला जातो, आणि पिशवीतून काय काढतो? स्टॅम्प पॅड.

म्हणून व्हाउचर हा विषय मला ऑडिटपुरता वाटत नाही. दुर्गम भागात पक्कं बिल मिळत नाही, ही आपली नेहमीची तक्रार, आणि ती खरी आहे. नर्मदेच्या फुगवट्यातून होडीनं पलीकडच्या पाड्यावर जायचं तर होडीवाला काय जीएसटीचं बिल देणार? पण घरगुती व्हाउचर सीएला चालतं, ते पुरं भरलेलं असलं तर. कोणाला दिले, गाव कोणतं, कशाचे, कुठून कुठपर्यंत, त्या दिवशी कोण सोबत होतं, त्याची सही. पाच हजारांच्या वर रक्कम असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. अंगठ्याशेजारी "वाचून दाखवले" असं लिहून वाचून दाखवणाऱ्याची सही. हे शेवटचं कुठल्याही नियमात नाही, मी माझ्यापुरतं घातलं आहे. तारीख त्याच दिवसाची. पंधरा दिवसांची व्हाउचरं एका बसणीत, एका पेनानं, एका अक्षरात लिहिलेली सीएला दुरून ओळखू येतात. तो बोलत नाही, एवढंच.

रोखीचं सांगतो, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली, तर आयकरवाले ती रक्कम संस्थेच्या हेतूवरच्या खर्चात धरत नाहीत. खर्च खरा असो, काम उभं असो, धरत नाहीत. रोख टाळायची तर बँक हवी. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या टेंभलीत दिलं गेलं, पंतप्रधान आले होते. तरी आजही काही पाड्यांवरून बँकेत जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून दगड वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला, शिधा देणाऱ्या दुकानदाराला पहिल्याच दिवशी खातं विचारा. मार्चमध्ये विचारू नका.

मार्च! आर्थिक वर्ष ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं सातपुड्याची होळी पाहिली नव्हती. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला पाड्यावर येतात. गाव भेटायचं तर हेच दिवस. मोलगीचा बाजार फुललेला, काठीच्या होळीची तयारी चाललेली, आणि आपला कार्यकर्ता कुठे? ऑफिसात, तसलमात मिटवत. त्यात निधीचा हप्ता जानेवारीच्या शेवटी येतो आणि ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं जातं. मग फेब्रुवारीत खुर्च्या घेतल्या जातात, फ्लेक्स छापले जातात, एका हॉलमध्ये तीन प्रशिक्षणं होतात. करार करतानाच बोला. निधी उशिरा आला तर मुदत तेवढी पुढे, हे एक वाक्य करारात घाला. बहुतेक देणगीदार मान्य करतात. आपण विचारत नाही.

आता हिशेबनिसाच्या पगाराचं. हे मी स्वतःसाठी बोलत नाही, माझं वय झालं. २०१८ मध्ये नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला आणि कंपन्यांचे सीएसआरवाले इकडे येऊ लागले. त्यांचं स्वागत आहे. पण त्यांच्या बजेटमध्ये टॅबलेट असतो, वॉटर फिल्टर असतो, त्याचा हिशेब लिहिणारा माणूस नसतो. विचारलं तर सांगतात, "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही." हे चूक आहे. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नाही. केंद्राच्या कंपनी मंत्रालयानं २०२१ मध्ये प्रश्नोत्तरांतून ते खुलासेवार सांगितलं आहे. छापून फाइलला लावून ठेवा. परदेशी निधीला मात्र २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासनावर वीस टक्क्यांची मर्यादा खरीच आहे, तिथे वाद घालू नका. ब्रिजस्पॅन नावाच्या संस्थेनं देशातल्या चाळीस बऱ्या स्थितीतल्या संस्थांची पुस्तकं तपासली, तेव्हा असा अप्रत्यक्ष खर्च ५ पासून ५१ टक्क्यांपर्यंत निघाला, मधला आकडा १९. आपण सहा टक्के दाखवतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. उरलेले कुठून येतात? कार्यकर्त्याच्या मानधनातून. किंवा कोऱ्या व्हाउचरमधून. लबाडीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. चोर माणसं मी या क्षेत्रात फार थोडी पाहिली.

शिल्लक ठेवणं म्हणजे पाप, अशीही एक समजूत आपल्यात आहे. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के हेतूवर खर्च झाले की उरलेले १५ टक्के ठेवता येतात, त्याला अर्जही लागत नाही. वीस लाख येणाऱ्या संस्थेचे वर्षाला तीन लाख झाले. चार वर्षांत बारा लाख, म्हणजे आठ महिन्यांचा खर्च. पण प्रकल्पाच्या निधीतून हे जमत नाही, त्याची शिल्लक परत करायची असते. त्यासाठी कुठल्याही शिक्क्याविना आलेली देणगी लागते, पाचशेची, हजाराची. शहाद्याच्या दुकानदाराकडे, नवापूरच्या शिक्षकाकडे, सुरतेत नोकरी करणाऱ्या आपल्याच पोरांकडे आपण शेवटचं कधी गेलो? मुंबईच्या टॉवरमध्ये पीपीटी दाखवायला जातो. आणि देणारा ८०जीची पावती मागत असेल तर दोन हजारांच्या वर रोख घेऊ नका, त्याला सवलत मिळायची नाही.

विश्वस्तांबद्दल दोनच वाक्यं. बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाका. मला एक संस्था माहीत आहे, जिच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावरचे सातपैकी चार विश्वस्त स्वर्गवासी आहेत आणि बँक हयातांच्या सह्या मानत नाही.

एक नोंद मात्र आपल्या कुठल्याच वहीत सापडत नाही. नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाणला नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा उभ्या राहिल्या, त्या बांबू-कुडाच्या. लाकूड गावाचं, हात गावाचे. आपल्याकडे याला लाह म्हणतात, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. तुमच्या-माझ्या संस्थांच्या कामातही हे रोज घडतं. पंधरा बायका दिवसभर खडी वाहतात आणि ताळेबंदात शून्य, कारण बिल नाही. शून्य दिसलं की देणगीदार म्हणतो, लोकसहभाग कुठाय? तेव्हा एक साधी श्रमदानाची नोंदवही करा: तारीख, काम, नावं, किती वेळ. पैशात मांडू नका, सीए त्याला जमाखर्चात घेणार नाही. वार्षिक अहवालात मात्र त्याचं एक पान द्या, आणि ते पान कंपनीच्या लोगोच्या आधी छापा.

आता पैसा थेट गावाच्या हातात येऊ लागला आहे. पेसा कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून मिळतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना स्वतःचा जमाखर्च ठेवावा लागतो. ग्रामसभेचा पैसा सांभाळणाऱ्या कोष समितीच्या बाई उद्या आपल्याला विचारतील, "आमच्या नावावर आलेल्या पैशाचा तुमचा हिशेब दाखवा." दाखवायला काय आहे आपल्याकडे? इंग्रजीतला, सीएच्या शिक्क्याचा, शेड्यूल नाइनचा कागद. तो धर्मादाय कार्यालयाला पाठवा, कायदा आहे. पण वर्षातून एकदा गावात बसून पावरीत, भिलीत, गावितांच्या मावचीत सांगा, किती आले, किती गेले, हिशेबनिसाला किती दिले. माझा पगार मी पहिल्यांदा असा वाचून दाखवला तेव्हा घसा कोरडा पडला होता. मागून एक जण म्हणाला, "एवढ्यात भागतं का तुझं?"

३० सप्टेंबर जवळ आला आहे, ऑडिट अहवालाची मुदत. ज्यांच्या कपाटात कोरी, अंगठा लागलेली व्हाउचरं असतील त्यांनी ती आज घरी गेल्यावर फाडून टाकावीत. जेवणानंतर मी मागच्या वर्गखोलीत बसणार आहे, संध्याकाळच्या एसटीपर्यंत. ज्यांची रोजकीर्द एप्रिलपासून लिहायची राहिली आहे, त्यांनी लाजू नये. घेऊन यावी. पेन माझ्याकडे आहे.