वारी थांबली तेव्हा

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पार ओस पडले, बाजार बंद झाले, शाळांना कुलपे लागली. हातावर पोट असणाऱ्यांचे हाल तर आपण पाहिलेच आहेत. मला आज सांगायचंय ते माझ्या थोरल्या आत्याविषयी.

आत्या दर साल आळंदीहून पायी पंढरपूरला जायची. त्या वर्षी पायी वारी निघाली नाही. माउलींच्या पादुका दशमीला, ३० जूनला, एस.टी.ने पंढरीस गेल्या. १ जुलैची एकादशी सुनीसुनी झाली. घरात खाण्यापिण्याला काही उणं नव्हतं. तरी आत्याचं जेवण तुटलं. दिवसभर उंबऱ्याशी बसून राही.

मी म्हणालो, "आत्या, विठोबा घरातही आहेच की."

"विठोबा आहे रे, पण माझी फलटणवाली कुठाय?"

फलटणवाली ही दिंडीतली मैत्रीण. वीस-बावीस वर्षांची ओळख, पण दोघी एकमेकींना माउलीच म्हणत. नाव-पत्ता कधी लागलाच नव्हता! आता चौकशी तरी कशी करावी?

रोग टाळायला दूर राहणं भाग होतं, याविषयी मला शंका नाही. पण 'सामाजिक अंतर' हा शब्द आम्हा शिकलेल्यांनी उगाच रूढ केला. अंतर हवं होतं ते शरीराचं.

२०२१ सालीही पादुका बसनेच गेल्या. २०२२ साली पायी वारी पुन्हा निघाली, तेव्हा गुडघे धरून आत्याही निघाली. वाखरीला फलटणवाली भेटली. दोघी आधी भांडल्या, मग रडल्या. या खेपेस मात्र आत्यानं पत्ता लिहून आणला.