कोल्हापूरची तळी, राजवाडे आणि एक वसतिगृह

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. आयुष्यभर दुकानाच्या गादीवर बसलेला माणूस. परंतु आयोजकांनी आग्रह केला की, नुकत्याच केलेल्या एखाद्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत. तो मान मी नम्रपणे स्वीकारतो.

तळी, राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये यांचे शहर म्हटले की आपल्याला उदयपूर आठवते. केसरियाजींच्या यात्रेला जाताना आपल्यापैकी अनेकांनी तेथील पिछोला तलाव आणि सिटी पॅलेस पाहिला आहे. पण तसेच एक शहर आपल्या महाराष्ट्रात आहे, आणि आपल्या हिंगोली डेक्कन स्थानकावरून तिकडे जाणारी गाडीही आहे. परभणी, लातूर, पंढरपूर, मिरज असा लांबचा वळसा घेत ती कोल्हापूरला पोहोचते. मी, माझी थोरली बहीण अक्का आणि माझा नातू असे तिघे त्या गाडीने गेलो.

पहिल्या दिवशी रंकाळ्यावर गेलो. पूर्वी तेथे दगडाची खाण होती, असे परंपरा सांगते. आज तेथे अथांग पाणी आहे. काठावर संध्यामठाची जुनी दगडी वास्तू आहे. पाणी चढले की ती बुडते, ओसरले की पुन्हा दिसू लागते. पलीकडच्या तीरावर शालिनी पॅलेस उभा आहे. १९३० च्या दशकात राजकन्येच्या नावाने बांधलेल्या या वाड्यात पुढे हॉटेल चालले. शहरात कोटितीर्थ आहे, शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला कळंबा तलाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी तर त्याही पुढे पाहिले. भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते, १९२२ साली त्यांचे निधन झाले. धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. स्वतः ज्याचे पाणी पिणार नाही अशा धरणाचा पाया घालणे यालाच दूरदृष्टी म्हणावे.

दुसऱ्या दिवशी नवा राजवाडा पाहिला. १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घडीव दगडात बांधलेली ही वास्तू मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग आहेत. आत शस्त्रे आहेत, पोशाख आहेत आणि शिकारीत मारलेले, पेंढा भरून ठेवलेले वाघ-बिबटेही आहेत. नातू त्या वाघाच्या काचेच्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. ‘‘आजोबा, याला का मारलं?’’ असे त्याने विचारले. अहिंसेचे पाठ त्याला मी अनेकदा दिले असतील. पण त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. वस्तुसंग्रहालयाने आपले वैभव दाखवावे, तशी आपली भूलही दाखवावी, एवढेच मनात आले.

तिसरे स्थळ टाऊन हॉल. १८७० च्या दशकात बांधलेल्या या इमारतीत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेल्या वस्तू आहेत. त्यांतील पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती हातात मावेल एवढी लहान आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा माल पंचगंगेच्या काठापर्यंत येत होता, याची ती साक्ष देते. आपण व्यापारी माणसे. ती मूर्ती पाहून त्या अनाम व्यापाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लक्ष्मीसेन मठात आदिनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन आम्ही परतत होतो. वाटेत रिक्षावाल्याला मी म्हणालो, ‘‘येथील जैन बोर्डिंग दाखवा.’’ मार्गदर्शिकेत त्याचा फोटो नसतो. परंतु कोल्हापूरची खरी दौलत मला तेथे भेटली.

शाहू महाराजांच्या ध्यानात आले होते की, खेड्यातील मुलगा हुशार असूनही शिकत नाही, कारण शहरात त्याला राहायला जागा आणि जेवायला अन्न नाही. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली लिंगायत बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी जागा दिल्या, देणग्या दिल्या आणि समाजांना पुढे केले.

याच जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहत होता, भाऊराव पायगोंडा पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर स्नान करून मगच आत यावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रात सांगतात. बंधूंनो, हा प्रसंग आपण जैनांनी लपवू नये. पेंढा भरलेल्या वाघासारखा तोही डोळ्यांसमोर असावा. कारण तोच मुलगा पुढे कर्मवीर झाला. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला नाव दिले, ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’. ज्या दाराने त्यांना बाहेर काढले, त्यापेक्षा रुंद दार त्यांनी बांधले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना स्वतःच्या हाताने जेवू घातले आणि धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडायला दिले.

हे सर्व मी अक्काला बोर्डिंगच्या फाटकाशी उभे राहून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘का रे, इथं पोरींना ठेवत होते का?’’

नव्हते. मी तसे सांगितले. ती काही बोलली नाही.

अक्का माझ्यापेक्षा हुशार होती. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत होती. पुढे मला हिंगोलीला नातेवाइकांकडे ठेवले, म्हणून मी मॅट्रिक झालो. मुलीला परक्या घरी कसे ठेवायचे, म्हणून ती घरी राहिली. वडिलांचा दोष नव्हता. ठेवायला जागाच नव्हती. परतीच्या प्रवासात तिने रंकाळ्याचे कौतुक केले, राजवाड्याचे केले. बोर्डिंगविषयी एक शब्दही काढला नाही. म्हणूनच मला तो प्रश्न रात्रभर झोपू देईना.

सज्जनहो, राजवाड्याचे संग्रहालय होते, वाड्याचे हॉटेल होते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले, आणि ते पुन्हा उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले. दगड-विटांचे असेच असते. पण वसतिगृहात जेवून शिकलेला माणूस दुसऱ्या चार जणांना जेवू घालतो. ती वास्तू जळत नाही.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली. यानिमित्त कायमस्वरूपी काय उभारावे, याची चर्चा चालू आहे. कोणी सभागृह म्हणतात, कोणी भव्य प्रवेशद्वार म्हणतात. त्या सर्वांविषयी मला आदर आहे. तरी माझी हात जोडून विनंती आहे की, प्रथम मुलींसाठी दहा खोल्या बांधाव्यात. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी. त्या आपल्या समाजाच्या असोत वा नसोत. दारात जात विचारू नये. कर्मवीरांचे आपल्यावर तेवढे ऋण आहे.

पहिल्या वर्षाचे धान्य मी देईन. देणगी फलकावर माझे नाव नको, अक्काचे लिहावे. ती पाठीमागच्या रांगेत बसली आहे. हे मी तिला आधी सांगितलेले नाही.