टोळी कोणाची?
(हदगाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)



"कारभार पुरुषानंच करायचा, निसर्गाचाच तसा नियम आहे. वानरांच्या टोळीतसुद्धा हुप्प्याच मालक असतो." महिला सरपंचाच्या खुर्चीत नवरा बसला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. निसर्गच काढला आहे, तर तो नीट पाहू.

काळ्या तोंडाची वानरं हरभऱ्यात शिरली की हुप्प्या आधी नजरेत भरतो, कारण तो अंगानं मोठा. पण टोळी असते माद्यांची. लेकी जन्मभर आई-मावश्यांजवळ राहतात. मुलगे वयात येताना बाहेर पडतात. हुप्प्या बहुतेक वेळा परक्या टोळीतून आलेला असतो आणि काही महिने किंवा काही वर्षं टिकतो. म्हणजे घर सोडतो तो नर! (हशा) पिल्लू जन्मलं की इतर माद्या ते आळीपाळीनं कुशीत घेतात, तेवढ्यात आई पोटभर पाला खाते. आपल्याकडे किती बाळंतिणींना एवढी उसंत मिळते?

पण याचे गोडवे गाऊ नका. टोळी बळकावणारा नवा नर तान्ही पिल्लं मारूही शकतो. सुगियामा या जपानी संशोधकानं १९६०च्या दशकात धारवाड भागात हे नोंदवलं. पुढे सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या वानरांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७७ चं. त्यांनी माद्यांवरही तितकीच नजर ठेवली. तेव्हा दिसलं, की एरवी खाण्यात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माद्या दुसरीच्या पिल्लासाठी त्या नरावर तुटून पडतात.

आणि मादागास्कर बेटावरचा लेमूर? मांजराएवढा, शेपटीवर काळी-पांढरी कडी, सकाळी हात पसरून पोट उन्हाला देऊन बसणारा. त्यांच्यात मादी पुढे आली की नर खाणं सोडून बाजूला होतो. नरांची आपसातली भांडणंही मजेशीर: शेपटीला स्वतःचा वास चोळायचा आणि ती दुसऱ्यापुढे हलवायची. ॲलिसन जॉली यांनी १९६६ सालीच माद्यांच्या या वरचढपणाबद्दल लिहिलं होतं.

मग लेमूर दाखवून आपण राज्य मागायचं का? मला ते पटत नाही. वानरांना ग्रामसभा नाही, सातबारा नाही. आपल्याला आहे. पंचायतीतलं आरक्षण १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं आलं, महाराष्ट्रात २०११ मध्ये ते निम्मं झालं. ते कुठल्या हुप्प्यानं दिलेलं नाही. आता ज्यांच्या गावात सरपंचबाईंच्या सह्या नवरा करतो, त्यांनी पुढे यावं. अर्ज इथंच लिहू.