निर्णय मुलांच्या हाती असू द्या



महाविद्यालयीन रंगभूमीच्या या संमेलनाचं अध्यक्षपद प्रकाशयोजना करणाऱ्या एका बाईला द्यावं असं तुम्हाला वाटलं, याचा मला मनापासून आनंद आहे. हा मान मी पडद्यामागे राबणाऱ्या सगळ्यांच्या वतीने घेते. माझं बरंचसं आयुष्य विंगेत आणि डिमरपाशी गेलं. तिथून नाटक जसं दिसतं, तसंच मी आज त्याविषयी बोलणार आहे.

माझा आग्रह एकच आहे. महाविद्यालयात नाटक बसतं तेव्हा त्यातले निर्णय विद्यार्थ्यांच्या हाती राहिले पाहिजेत. संहिता कोणती घ्यायची, शेवट कसा करायचा, नेपथ्यात दार हवं की नुसती चौकट पुरेल, वर्गणीच्या पैशांतले किती कपड्यांवर आणि किती टेम्पोच्या भाड्यावर जातील, हे सगळं त्यांनी एकत्र बसून, भांडून, समजूत काढून ठरवायला हवं. नाटक मिळून बसवायला शिकणं म्हणतात ते याच ठरवण्यात असतं. पाठांतर, शब्दफेक, चेहऱ्यावरचे भाव या गोष्टी एकट्यालाही आरशासमोर थोड्याफार साधतात. मिळून ठरवणं तालमीच्या खोलीतच शिकता येतं.

मागे एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाने मला प्रकाशयोजनेच्या कार्यशाळेसाठी बोलावलं होतं. संध्याकाळी मुलांची तालीम होती, ती पाहायला थांबले. एकांकिका त्यांच्यातल्याच एकाने लिहिलेली होती. आई चुलीपाशी भाकऱ्या करतेय, कर्जाची नोटीस येते, ती वाचते आणि कोसळते, असा प्रसंग. आईचं काम करणाऱ्या मुलीला आवाज होता, समज होती, तरी प्रसंग काही उभा राहत नव्हता. दिग्दर्शक तिला पुन्हा पुन्हा रडायला लावत होता आणि प्रत्येक वेळी ते रडणं जास्तच खोटं होत होतं. प्रॉपर्टी सांभाळणारी मुलगी परात पुसत कोपऱ्यात बसली होती. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "अरे, पिठाच्या हातानं ती कागद कसा धरंल? लेकाला म्हणंल, तूच वाच."

तालीम थांबली. लेकाचं काम करणारा मुलगा तोवर त्या प्रसंगात दारात नुसता उभा असायचा. आता नोटीस त्याच्या हातात आली. मोठ्याने काय वाचायचं आणि काय गाळायचं हे त्यालाच ठरवावं लागलं. त्याने रक्कम गाळली. आईच्या तोंडून आपसूक आलं, "किती म्हणून लिवलंय?" हे वाक्य संहितेत नव्हतं. लेखकाने ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं आणि पुढची पाच-सहा वाक्यं स्वतःच्या हाताने खोडली. आता चूल आणि दार दोन्ही उजेडात हवं होतं, आणि दिवे होते मोजके. प्रकाश बघणारा मुलगा म्हणाला, "मला दोन ठिकाणं जमणार नाहीत. दार चुलीजवळ आणा." दार सरकवलं तर नेपथ्यातला लेव्हल मध्ये यायला लागला. ज्याने तो आठवडाभर खपून बनवला होता, त्यानेच तो उचलून बाहेर नेला. तोंड जरा उतरलं होतं, पण नेला. तासाभरात प्रसंगातलं रडणं पार गेलं. आई भाकरी थापत राहिली. तव्यावरची करपतेय हे तिला दिसत होतं, आणि ती उलटत नव्हती.

एका मुलीच्या घरच्या अनुभवाने लेखक, नट, प्रकाश आणि नेपथ्य या चौघांची कामं बदलली, आणि प्रत्येकाने बदल स्वीकारताना स्वतःचं थोडं सोडलं. त्या मुलीचं नाव स्पर्धेच्या अर्जावर कुठे असतं? सगळ्यांत खाली, रंगमंच साहाय्याच्या रकान्यात. कधीकधी 'आणि इतर' या दोन शब्दांतच ते संपतं.

बाहेरून दिग्दर्शक बोलवायचा, त्याला मानधन द्यायचं आणि त्याच्याकडून एकांकिका बसवून घ्यायची, ही रीत आता अनेक ठिकाणी रुळली आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते. ते कसबी आहेत. त्यांच्या एकांकिका देखण्या होतात, बक्षिसंही घेतात. पण त्यांच्याकडे वेळ नसतो. ते येतात तेव्हा हालचाली ठरलेल्या असतात, संगीत ठरलेलं असतं, ब्लॅकआऊट कुठे घ्यायचा तेही ठरलेलं असतं. मुलांनी फक्त त्या आराखड्यात उभं राहायचं. परात पुसणारी ती मुलगी अशा दिग्दर्शकासमोर बोलली नसती. त्याने तोंड बंद ठेवायला सांगितलं असतं म्हणून नव्हे. आपण बोलायचं असतं हेच तिला कळलं नसतं. बक्षीस मिळालं तरी संघाच्या पदरी शिक्षण किती पडलं, हा प्रश्न शिक्षक म्हणून आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आपल्याकडे मिळून नाटक उभं करण्याचा मोठा दाखला आहे आणि तो आता पन्नास वर्षांहून जुना झाला आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन'ने 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. नाटक विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद यांची. जब्बार पटेल डॉक्टर, नाना फडणवीसांची भूमिका करणारे मोहन आगाशेही डॉक्टर. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना नाटक करणारी ही माणसं. त्या नाटकातली माणसांची भिंत आठवा. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण कधी पडदा होतात, कधी भिंत होतात, वळले की पुण्याचा समाज होतात, आणि आडोसाही तेच, साक्षीदारही तेच. त्या रांगेतल्या बहुतेकांना स्वतःच्या अशा मोठ्या भूमिका नाहीत. पण रांगेतला एक जण अर्धं पाऊल चुकला तर भिंतीला भगदाड पडतं. म्हणून गाणं, लय, नानाची चाल, घाशीरामाची एंट्री, सगळं रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असावं लागतं. सगळं नाटक ज्याच्या अंगात भिनलंय असा समूह असल्याशिवाय तो प्रयोग उभाच राहत नाही.

पुढे संस्थेतल्या मतभेदांमुळे प्रयोग थांबले. तेव्हा या मंडळींनी १९७३ साली 'थिएटर अकॅडमी' स्थापन केली, नाटक पुन्हा उभं केलं, आणि ते परदेशापर्यंत नेलं. मला या दुसऱ्या भागाचं महत्त्व पहिल्याइतकंच वाटतं. जे लोक मिळून तालीम करायला शिकले होते, ते मिळून संस्था काढू शकले. घटना लिहिणं, हिशेब ठेवणं, नाट्यगृहाच्या तारखा मिळवणं, सामानाची ने-आण करणं, हे काही नाटकाबाहेरचं काम नव्हे.

आता थोडं अंधारातल्या कामाविषयी. स्पर्धेत नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं मिळतात. जाणते संघ याची वेगळी तालीम करतात. कॉलेजच्या मैदानात रंगमंचाएवढा चौकोन आखतात, एकाच्या हातात घड्याळ असतं, आणि कोणी कोणता फ्लॅट कुठल्या बाजूने आणायचा, ब्रेस कोण लावणार, खुर्ची कोणाच्या हातात, हे पुन्हा पुन्हा करून पाहतात. ब्लॅकआऊटमध्ये पलंगाचा पाय कुठे टेकवायचा हे कळावं म्हणून जमिनीवर रेडियमचे बारीक तुकडे चिकटवतात. मी मुलांना एकच सांगते, नटांनाही हे सामान उचलू द्या. ज्याने तो पलंग एकदा अंधारात वाहून आणलाय तो त्यावर बेफिकिरीने धाडकन बसत नाही.

क्यूशीट लिहिणं हा माझ्या मते नाट्यशिक्षणातला सर्वांत दुर्लक्षित धडा आहे. कोणत्या शब्दावर, कोणता दिवा, किती सेकंदांत, कितपत प्रखर, हे तिथे लिहावं लागतं. पण कागदावर लिहिलेला शब्द नट दर वेळी त्याच लयीत म्हणत नाही. आज तो थबकतो, उद्या घाईत असतो. मग डिमरवरच्या मुलीने काय करायचं? ती शब्दाची वाट पाहत राहिली तर उशीर होतो. तिला नटाचा श्वास पाहायला शिकावं लागतं. तो बोलण्याआधी मान जराशी उचलतो, हे तिने पंधरवडाभराच्या तालमींत टिपलेलं असतं, आणि तिचा हात तेव्हाच सरकू लागतो. तसंच नटालाही उजेड कुठे येणार हे अंगाला कळावं लागतं. कपाळावर दिव्याची ऊब जाणवली की आपण जागेवर आहोत हे जाणणारे नट मी पाहिलेत. ही ओळख आयत्या वेळी, प्रयोगाच्या दिवशी दिवे भाड्याने आणून होत नाही. म्हणून प्रकाश आणि संगीत पाहणारी मुलं पहिल्या वाचनापासून खोलीत हवीत.

मिळून करायचं म्हणजे दिग्दर्शक नकोच, असं कोणी म्हणू लागलं तर ते मला मान्य नाही. रंगीत तालमीच्या दिवशी दहा जणांची दहा मतं चालत नाहीत. कोणीतरी 'आता हेच' म्हणायला हवं, आणि बाकीच्यांनी ते मानायला हवं. दिग्दर्शकाचा तो हक्क आहे. पण तो हक्क त्याने सगळ्यांचं ऐकून घेऊन कमावलेला असावा, आणि केव्हापर्यंत ऐकायचं नि कुठल्या दिवसापासून थांबायचं हे सुरुवातीलाच सांगितलेलं असावं. तालमीतली बहुतेक कडू भांडणं कलेवरून होत नाहीत. आपलं मत विचारलंच नाही, किंवा विचारून वाऱ्यावर सोडलं, यावरून होतात.

'महाराष्ट्रीय कलोपासक'ची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि आपल्या रंगभूमीवर तिचं ऋण फार मोठं आहे. २०२२ साली तिच्या परीक्षकांनी करंडक एकाही संघाला न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बरीच खळबळ झाली. करंडक राखून ठेवण्याचा परीक्षकांना अधिकार आहे, आणि दर्जाविषयी कठोर बोलणारी माणसं आपल्याला हवीच आहेत. पण करंडक मिळणं आणि न मिळणं या दोन्ही वेळी मला एक गोष्ट कमी पडलेली दिसते. परीक्षकांचं बोलणं लेखक, दिग्दर्शक आणि नट यांच्यापाशी संपतं. संघ एकत्र कसा चालला, एखादा प्रसंग कोणाच्या सूचनेने बदलला, तुम्ही काय टाकून दिलंत आणि का, हे विचारायला दहा मिनिटं काढली, तर मुलांना पुढच्या वर्षासाठी शिदोरी मिळेल.

तालमीच्या खोलीत कोण येऊच शकत नाही, याकडेही पाहू या. नऊची शेवटची एसटी गाठायची म्हणून अर्ध्या तालमीतून उठणारी मुलगी, सकाळी पेपर टाकून दिवसभर वर्ग करणारा मुलगा, वसतिगृहाचं दार बंद व्हायच्या आत परतावं लागणाऱ्या मुली, ही मुलं हळूहळू गळतात. उरतात ज्यांना सवड आहे ती. मग रंगमंचावर जगही सवड असलेल्यांचंच येतं. २०१४ पासून 'लोकसत्ता लोकांकिका'सारख्या स्पर्धा निरनिराळ्या केंद्रांवर होऊ लागल्या, आणि नागपूर, रत्नागिरी, नाशिककडच्या मुलांच्या बोली मोठ्या रंगमंचावर ऐकू आल्या. ही फार मोलाची गोष्ट झाली. पण बोली एकांकिकेत यायची तर ती बोलणारं माणूस तालमीत टिकलं पाहिजे. 'धरंल' आणि 'लिवलंय' म्हणणाऱ्या मुली नोटिशीच्या त्या तालमीला नसत्या, तर आईने कागद स्वच्छ हातांनी धरला असता आणि शुद्ध मराठीत वाचला असता.

म्हणून काही गोष्टी मागते. महाविद्यालयांनी तालमीची वेळ संध्याकाळी पाच ते आठ अशी धरावी, खोली पक्की द्यावी, आणि उशीर होईल त्या दिवशी मुलींच्या परतीची सोय महाविद्यालयाने करावी. संहिता दुसऱ्याची असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन, शिवाय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ही कामं प्राध्यापकांनी परस्पर उरकू नयेत, मुलांकडून करून घ्यावीत. बाहेरच्या जाणकारांना जरूर बोलवा, पण चार दिवस शिकवायला बोलवा. आवाज, हालचाल, प्रकाश त्यांनी शिकवावा आणि एकांकिका मुलांवर सोपवून जावं. स्पर्धांच्या आयोजकांनी अर्जातला 'आणि इतर' काढून टाकावा. जितकी नावं तितके रकाने. आणि स्पर्धा संपली की एकांकिका गुंडाळून ठेवू नका. चार गावांत प्रयोग करा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला, कोणी गुण देणारं समोर नसताना, संघाला स्वतःचं नाटक नव्याने कळतं.

शेवटची मागणी नगरपालिकांकडे आहे. गावोगावची नाट्यगृहं आठवड्यातल्या कितीतरी दुपारी रिकामी असतात. तांत्रिक तालमीसाठी प्रत्येक महाविद्यालयीन संघाला वर्षातून एक दुपार, दिव्यांसकट आणि भाडं न घेता, मिळावी. ज्या मुलांनी खऱ्या रंगमंचावर पहिलं पाऊल थेट स्पर्धेच्या दिवशी टाकलं, त्यांना विंग किती खोल आहे, डिमर कुठे आहे, आवाज मागच्या रांगेपर्यंत कसा पोचतो, हे कळेपर्यंत वेळ संपलेली असते. आज दुपारच्या सत्रात मांडायच्या ठरावांत हा ठराव पहिला घ्यावा, आणि संमत झाल्यावर त्याची प्रत आपापल्या गावच्या मुख्याधिकाऱ्यांकडे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतः, विद्यार्थ्यांच्या सह्यांसह, नेऊन द्यावी, अशी अध्यक्ष म्हणून मी सूचना करते.