नोकरी, मध्यस्थ आणि जामीन



म्हैसूर शहरात सयाजीराव रस्त्यावरून किंवा सरस्वतीपुरमच्या चौकातून जाणाऱ्या तरुण पदवीधराला दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. एक पाटी बँकेच्या परीक्षेची तयारी करून देणाऱ्या वर्गाची असते. दुसरी बँका, विमा कंपन्या आणि वित्तसंस्था यांत जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थ कार्यालयाची असते. पहिल्या पाटीमागे दोन-तीन वर्षांचे कष्ट आहेत आणि फळाची शाश्वती नाही. दुसरीमागे महिन्याभरात नेमणुकीचे आश्वासन आहे. नंजनगूड किंवा हुणसूरकडून शहरात आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने अथवा मुलीने यांपैकी कोणत्या जिन्याची पायरी चढावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु एखाद्या कुटुंबाची वर्षभराची मिळकत आणि कधी घरातील दागिनाही या निर्णयावर पणाला लागलेला असतो.

नोकरी मिळवून देणारा मध्यस्थ ही काही आजची निर्मिती नव्हे. पैशाच्या व्यवहारात तर तो फार जुना आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हाती सोपवायचा, तो माणूस विश्वासाचा असला पाहिजे. अनोळखी माणसाचा विश्वास कसा धरावा? त्याच्याबद्दल कोणीतरी ग्वाही द्यावी लागते. म्हणून अन्य धंद्यांत मध्यस्थ माणूस केवळ पुरवतो. पेढीच्या धंद्यात तो त्या माणसाला जामीन राहतो. या दोन कामांतील भेद ध्यानात ठेवला, तर पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

आपल्या देशातील कित्येक बँकांत पूर्वी रोख विभागाची एक विशेष व्यवस्था होती. बँक एखाद्या धनवान व प्रतिष्ठित गृहस्थाशी करार करी आणि त्याला खजिनदार नेमी. शाखाशाखांतील रोखपाल हा खजिनदार निवडी. त्यांच्यापैकी कोणी अफरातफर केली, तर तो तोटा खजिनदाराने भरून द्यायचा असे. बँकेच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. माणसे पारखण्याचा त्रास नाही आणि नुकसानीचे भयही नाही. परंतु रोखपालाची अवस्था विचित्र होती. तो बँकेच्या गल्ल्यावर बसे, बँकेच्या वेळापत्रकाने चाले, बँकेच्या अधिकाऱ्याची आज्ञा पाळी. आणि तंटा उद्भवला की बँक म्हणे, हा मनुष्य आमचा सेवक नव्हेच, तो खजिनदाराचा.

असाच एक तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पंजाब नॅशनल बँकेतील एका मुख्य रोखपालाच्या या प्रकरणात १९५५ मध्ये निर्णय झाला. न्यायालयाने नेमणूक कोणाच्या हातून झाली एवढेच पाहिले नाही. काम कोणाचे होते, आणि ते कसे करावे हे सांगण्याचा अधिकार कोणाचा होता, हेही पाहिले. हा अधिकार बँकेचा होता, म्हणून मधे खजिनदार असला तरी रोखपाल हा बँकेचाच सेवक ठरला. हा निर्णय विसरता येण्यासारखा नाही. आजच्या मध्यस्थ कार्यालयांकडे वळल्यावर त्याचे पुन्हा स्मरण करावे लागेल.

म्हैसूर संस्थानाची वाट यापेक्षा काहीशी निराळी होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव महाराष्ट्राला परके नाही. त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यास झाले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, महाराज चौथे कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने बँक ऑफ म्हैसूरची स्थापना झाली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ उभे राहिले. बँक आणि विद्यापीठ यांच्या जन्मात तीनच वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट सूचक आहे. संस्थानाला भांडवल हवे होते, आणि ते सांभाळणारी शिकलेली माणसेही हवी होती.

पण शिकलेली माणसे म्हणजे कोणाची मुले? हा प्रश्न लवकरच पुढे आला. सरकारी जागा काही थोड्या समाजांकडेच एकवटल्या आहेत, अशी तक्रार झाल्यावर महाराजांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोनतृतीयांश जागा मागासलेल्या समाजांना मिळाव्यात, अशी शिफारस समितीने केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला होता. विश्वेश्वरय्यांना मात्र अशा धोरणाने कार्यक्षमता उणावेल असे वाटत होते. या मतभेदात बँकेच्या नोकरभरतीचाही गाभा आहे. ओळखीने माणूस घेतला तर अन्याय होतो, हे सर्वांना मान्य असते. परंतु निव्वळ परीक्षेने घेतला तर अन्याय आपोआप टळतो, हे मात्र खरे नाही. परीक्षा कोणत्या भाषेत आहे, तिची तयारी कोणाला परवडते, हेही पाहावे लागते.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहा बँकांचे. शाखा खेडोपाडी पोहोचू लागल्या, आणि माणसांची गरज एकदम वाढली. प्रत्येक बँकेने आपापल्या पद्धतीने, आपल्या ओळखीपाळखीच्या वर्तुळातून माणसे घ्यावीत, हे सार्वजनिक मालकीच्या बँकांना शोभणारे नव्हते. यातून बंगलोर, मुंबई अशा निरनिराळ्या केंद्रांत बँक सेवा भरती मंडळे आली. २००१ मध्ये ती बंद झाली. परीक्षा घेण्याचे शास्त्र मात्र एका दुसऱ्या संस्थेत वाढत होते. राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत १९७५ मध्ये कर्मचारी निवडीचा एक विभाग सुरू झाला होता. १९८४ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि बँकिंग कर्मचारी निवड संस्था, म्हणजे सर्वांना 'आयबीपीएस' म्हणून ठाऊक असलेली मुंबईची संस्था, जन्माला आली. २०११ पासून बहुतेक सार्वजनिक बँकांसाठी ती एकच सामाईक परीक्षा घेते. स्टेट बँक आपली परीक्षा स्वतंत्रपणे घेते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही संस्था बँक नव्हे आणि ती कोणाला नोकरीही देत नाही. ती बँकांसाठी उमेदवार पारखते आणि गुणानुक्रमे त्यांची बँकांकडे वाटणी करते. नेमणुकीचे पत्र बँक देते. म्हणजे शब्दाच्या काटेकोर अर्थाने तीही मध्यस्थच आहे. मग जुन्या खजिनदारात आणि तिच्यात अंतर कोणते? अंतर असे की तिचे नियम आधी छापले जातात. जागा किती, वय किती, शुल्क किती, चुकीच्या उत्तराला गुण किती वजा, हे अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराला कळते. २०२४ च्या परीक्षेचे शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ८५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना १७५ रुपये होते. ते परीक्षेचे शुल्क होय, नोकरीची किंमत नव्हे. उमेदवार नापास झाला किंवा पास झाला, तरी त्यात फरक पडत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र दीर्घकाळ सुटला नव्हता. ज्या राज्याच्या जागेसाठी लिपिक अर्ज करतो, तेथील भाषा त्याला आली पाहिजे, असा नियम आहे. पण परीक्षा इंग्रजी आणि हिंदीतच होई. कन्नड माध्यमात शिकलेल्या मंड्याच्या मुलीला आणि मराठी माध्यमात शिकलेल्या निपाणीच्या मुलाला कन्नड गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलण्याच्या कामासाठी परक्या भाषेतून लायकी सिद्ध करावी लागे. २०१९ मध्ये ग्रामीण बँकांची आणि २०२१ च्या निर्णयाने सार्वजनिक बँकांतील लिपिकांची परीक्षा तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याचे ठरले. कन्नड आणि मराठी या दोन्ही त्यांत आहेत. मिलर समितीने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे हे उशिरा आलेले, आणि अपुरे, उत्तर मानता येईल.

याच काळात बँकांची नावे मात्र कमी होत गेली. १९६० मध्ये स्टेट बँकेची उपकंपनी झालेली म्हैसूरची बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्या पुरस्काराने १९७६ मध्ये म्हैसूर येथे सुरू झालेल्या कावेरी ग्रामीण बँकेचा प्रवाहही अनेक विलीनीकरणांनंतर २०२५ मध्ये राज्याच्या एकमेव ग्रामीण बँकेला मिळाला. तिचे मुख्यालय बळ्ळारीस आहे. विजया, सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन या कर्नाटकात वाढलेल्या बँकाही २०१९ आणि २०२० मध्ये इतर बँकांत विलीन झाल्या. ज्या दारांवर म्हैसूरच्या तरुणांच्या दोन पिढ्यांनी अर्ज दिले, ती दारे अशी एकामागून एक कमी झाली. खाजगी बँका, गृहकर्ज कंपन्या, विमा आणि शेअर दलालीच्या पेढ्या मात्र वाढल्या, आणि त्यांच्या जागांसाठी सामाईक परीक्षा नाही. दुसऱ्या पाटीचा व्यवसाय येथे सुरू होतो.

या व्यवसायाला सरसकट दूषण देणे अन्यायाचे होईल. प्रामाणिक मध्यस्थ कार्यालय उपयुक्त काम करते. कंपनीला पन्नास माणसे हवी असतात. कार्यालय पाचशे अर्ज चाळते, प्राथमिक बोलणे करते, योग्य तेवढी नावे पाठवते. माणूस रुजू झाला की कंपनी कार्यालयाला मोबदला देते. तो बहुधा वार्षिक वेतनाच्या ठरावीक हिश्शाइतका असतो. येथे मोबदला देणारी कंपनी असते, उमेदवार नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या कराराचे सूत्र हेच आहे, की खाजगी रोजगार संस्थेने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. यामागील विचार साधा आहे. जो उमेदवाराकडून पैसे घेतो, त्याला उमेदवारांची संख्या वाढण्यात लाभ असतो. जो कंपनीकडून घेतो, त्याला योग्य माणूस योग्य जागी बसण्यात लाभ असतो.

म्हणून मध्यस्थाच्या कार्यालयात बसलेल्या तरुणाने तीन प्रश्न विचारावेत, आणि ते विचारण्यात संकोच मानू नये.

पहिला प्रश्न: मोबदला कोण देणार? नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, गणवेश, कागदपत्रांची तपासणी अशी कोणतीही नावे देऊन नेमणुकीपूर्वी पैसे मागितले, तर तेथून उठावे. 'राष्ट्रीयीकृत बँकेतील जागा ओळखीने करून देतो' असे कोणी म्हटले, तर तो खोटे बोलत आहे, असे निःशंक समजावे. कारण त्या जागांचा मार्ग जाहिरात आणि परीक्षा यांतूनच जातो.

दुसरा प्रश्न: नेमणुकीच्या पत्रावर नाव कोणाचे असेल? अनेकदा तरुण एखाद्या प्रसिद्ध बँकेत काम करू लागतो, गळ्यात त्या बँकेचे ओळखपत्र असते, पण वेतन देणारी आणि भविष्यनिर्वाह निधी भरणारी दुसरीच संस्था असते. हे बेकायदा असेलच असे नाही. परंतु ते आधी माहीत असले पाहिजे. १९५५ च्या खटल्यातील रोखपालाची स्थिती येथे निराळ्या वेषात परत आलेली दिसते. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वांनुसार, बँकेने बाहेरच्या संस्थेकडून काम करून घेतले तरी गिऱ्हाइकाविषयीची तिची जबाबदारी संपत नाही. गिऱ्हाइकाला हे संरक्षण मिळाले. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराला मात्र आपला धनी कोण, हे अजूनही स्वतःच विचारून घ्यावे लागते.

तिसरा प्रश्न: हे वेतन आहे की दलाली? विमा प्रतिनिधीचे काम सन्माननीय आहे, पण ते नोकरी नव्हे. त्यात उत्पन्न पॉलिसी विकल्या गेल्या तरच मिळते. 'व्यवस्थापक' असे भारदस्त नाव देऊन हेच काम पुढे केले जाते. अशा वेळी पहिली पॉलिसी वडिलांच्या, दुसरी मामांच्या आणि तिसरी शेजाऱ्यांच्या गळ्यात पडते. नातेवाईक संपले की नोकरीही संपते, आणि गावातील पत जाते ती वेगळीच.

याखेरीज एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोणत्याही एकाच मध्यस्थाच्या हाती सर्व दारांची किल्ली असू नये. सरकारी रोजगार विनिमय केंद्रांविषयीही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये असेच मत दिले. केवळ केंद्राने पाठवलेल्या नावांतून निवड करणे पुरेसे नाही; जागेची जाहिरातही सर्वांसाठी झाली पाहिजे. संस्थांना लावलेला हा नियम उमेदवाराने स्वतःलाही लावावा. परीक्षेचा अर्ज भरावा, कंपनीला थेट लिहावे, आणि मध्यस्थाकडेही नाव द्यावे. पण कोणा एकाच्या भरवशावर वर्ष घालवू नये.

जुना खजिनदार रोखपालाला जामीन राहत होता, आणि तोटा झाला तर स्वतः भरत होता. त्याच्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. परंतु आपल्या शब्दाची किंमत तो चुकवत होता. आजचा मध्यस्थ उमेदवाराच्या प्रामाणिकपणाविषयी कंपनीला ग्वाही देतो. त्याच्या स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयी उमेदवाराला ग्वाही कोण देणार? कायदा ती पुरेशी देत नाही तोवर ती पारख उमेदवाराने आणि त्याच्या घरच्यांनी करायची आहे. जो उद्या इतरांचा पैसा सांभाळणार आहे, त्याने आज आपल्या आईवडिलांचा पैसा सांभाळून या व्यवसायात पाऊल टाकावे. त्याच्या कामाचा पहिला धडा हाच आहे.